पूर्वेकडची करंडी

तेरेतियाने पेटीतले कपडे उन्हात टाकायला एकेक करून बाहेर काढले, तळाशी अंथरलेला कागदही उचलून पाहिला, आणि मग ती तशीच उकिडवी बसून राहिली. हिरवा शर्ट नव्हता.

मागच्या खेपेला पांढरा गेला होता, कॉलर विरलेला. त्याच्या आधी मिशनच्या शाळेतला निळा. पेटीला कुलूप नव्हतं, बेटावर कुणाच्याच पेटीला नसतं. पण समुद्राने नेलेल्या माणसाच्या कपड्यांना हात लावायची छाती इथे कुणाची होणार?

"बाबा घेऊन गेला असेल," तीना म्हणाली. ती दारात बसून करवंटीतलं उरलंसुरलं खोबरं बोटाने कोरून खात होती.

"काहीतरी बडबडू नकोस."

"आजीच म्हणते. बाबा संध्याकाळी येतो."

नीरफणसाखाली तेरेतियाची सासू, मोआइने तिचं नाव, केवड्याच्या पात्यांची करंडी विणत होती. तिने मान वर केली नाही.

"ज्याचा होता त्यानं नेला," ती म्हणाली. "तुला कशाला हवा? तू घालणारेस?"

तेरेतियाने उरलेले कपडे दोरीवर टाकले. मोजकेच राहिले होते. वारा आला तसे ते सगळे एका बाजूला फुगले, जसं कुणी आत शिरलंय. ती पाठ फिरवून चुलीकडे गेली.

बाऊरो चार वर्षांपूर्वी पहाटेच्या ओहोटीला होडी घेऊन बाहेरच्या समुद्रात गेला होता, तो परतला नव्हता. शोधायला गेलेल्या होड्या रिकाम्या आल्या. त्याची होडीही सापडली नाही, आणि तेच वाईट होतं. या बेटांवरची माणसं इंजिन बंद पडून महिनोन्‌महिने वाहत गेलेली आहेत, पावसाचं पाणी पिऊन, कच्चे मासे खाऊन, भलत्याच देशाच्या किनाऱ्याला जिवंत लागलेली आहेत. एकजण तर आपल्याच श्राद्धाच्या जेवणाला परत आला होता, अशी गोष्ट सगळे सांगत. त्यामुळे बाऊरो मेला असं कुणी म्हणत नव्हतं. सगळ्यांत आधी त्याच्या आईने ते म्हणायला हवं होतं, आणि ती म्हणत नव्हती.

ती फक्त रोज संध्याकाळी खड्ड्यात उतरायची.

घरामागे माडांच्या पलीकडे त्यांचा बाबाईचा खड्डा होता. बाबाई म्हणजे अळूच, पण माणसाच्या डोक्यावर पान धरणारं, आणि गड्डा असा की दोघांनी उचलावा. बेटाला माती नाही, नुसतं पोवळ्याचं पीठ. म्हणून गोडं पाणी लागेपर्यंत खड्डा खणायचा, त्यात रोप लावायचं, रोपाभोवती बिनबुडाची करंडी बसवायची आणि तिच्यात पानं भरत राहायचं. पानं कुजतील तेवढीच माती. कुठल्या पानावर कुठलं पान घालायचं, हे प्रत्येक घराचं गुपित.

तेरेतिया तारावाची, राजधानीच्या बेटावरची. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच सकाळी तिने अंगण झाडून पाचोळ्याचा ढीग केला आणि काडी ओढली. तारावाला सगळे तेच करतात. मोआइने धावत आली आणि तिने अनवाणी पायांनी तो जाळ विझवला.

"पाचोळा जाळतेस?" ती म्हणाली होती. "माती जाळतेस तू, पोरी. उद्या काय खाशील, राख?"

त्या दिवसापासून या घरातून काही बाहेर गेलं नाही. झावळ्या, माशांची हाडं, नारळाचं सोडण, चहाचा चोथा, दुकानातून आलेला पुठ्ठा, फणीतले केस. मोआइनेची करंडी सगळं गिळायची. गेल्या वर्षी तारावाहून एक बाई आली होती आणि गावाच्या मानेआबात, त्या सभेच्या मोठ्या छपराखाली, रंगीत चित्रं लावून सांगत होती की परसातला कचरा किनाऱ्यावर फेकू नका, जाळू नका, खड्ड्यात कुजवा. म्हाताऱ्या आधी अदबीने ऐकत राहिल्या. मग मोआइने म्हणाली, "बाई, आमच्याकडे फेकायला काही उरतच नाही. तू जास्त वेळ बसलीस तर तुलाही घालू खड्ड्यात." छप्पर दणाणून जाईल असे सगळे हसले. तेरेतियाही हसली होती.

आता मात्र त्या खड्ड्याकडे जायला तिचे पाय वळत नसत.

वर्षाच्या सुरुवातीला अमावस्येची मोठी भरती आली आणि समुद्र माडांमधून चालत आत आला. गावातले सगळे खड्डे खारे झाले. पानं कडांनी करपली, मग पिवळी पडली, मग देठासकट वाकली. मोआइनेच्या खड्ड्यातही तेच झालं. फक्त पूर्वेकडच्या कोपऱ्यातलं एक झाड राहिलं. ते नुसतं राहिलं नाही, वाढलं. त्याची पानं काळपट हिरवी, होडीच्या शिडाएवढी, आणि भर दुपारीही त्यांच्या टोकांवरून पाणी ठिबकत असे. बाकीचा खड्डा वठलेला आणि त्या कोपऱ्यात टप, टप. गाव त्याला बाऊरोचं झाड म्हणायचं. म्हातारीनेच ते नाव दिलं होतं, तो परत आला की त्याच्या जेवणासाठी म्हणून. घरच्या कोंबड्या खड्डाभर किडे टिपत, पण त्या कोपऱ्यात जात नसत. पिवळा कुत्रा काठावर बसायचा आणि त्या झाडाकडे टक लावून बघायचा.

एकदा तेरेतिया पाचोळ्याची पाटी घेऊन गेली तर खाली म्हातारी बोलत होती. पुटपुटणं नव्हे, गप्पा. एखादं वाक्य बोलायची, थांबायची, हं म्हणायची, मग पुढचं बोलायची. तेरेतियाची सावली खड्ड्यात पडली तशी ती गप्प झाली.

"कुणाशी बोलतेस, आई?"

"पानं दे इकडे. आणि तू वरच थांब. इथं घसरतं."

तेरेतियाने वाकून पाटी दिली. देताना तिचा हात करंडीतल्या पानांना लागला. ती गरम होती. कुजणारा पाचोळा गरम होतोच, हे तिला ठाऊक होतं. तरी त्या रात्री झोपताना तिने तो हात अंगापासून लांब ठेवला.

बेटाच्या उत्तर टोकाला तेकाई नावाचा एक विधुर राहत होता. होड्या बांधायचा. मोठी टुना मिळाली की अर्धी तेरेतियाच्या दारात टांगून जायचा आणि तीनाला लाकडाचे मासे कोरून द्यायचा. तीनाला तो आवडायचा. तेरेतियालाही आवडायचा, पण हे तिने स्वतःशीसुद्धा पुरतं बोलून पाहिलं नव्हतं. तेकाई फादरना भेटून आला होता. फादर म्हणाले, बाऊरो गेला असं त्याच्या घरातल्या कुणीतरी म्हणायला हवं. आईने म्हणावं. त्याशिवाय मी लग्न कसं लावू?

"तू विचार ना तिला," तेकाई म्हणाला होता.

"काय विचारू? तुझा मुलगा मेला असं म्हणतेस का, असं विचारू?"

तो दोराला पीळ घालत राहिला.

चर्चला नवं छप्पर चढलं आणि सण ठरला. अशा सणाला प्रत्येक घराने आपल्या खड्ड्यातला सगळ्यांत मोठा गड्डा न्यायचा, ही जुनी रीत. पण यंदा गावात गड्डा होता कुठे? माणसं तांदळाची पोती न्यायची ठरवत होती आणि मान खाली घालत होती. अशात मोआइनेचा धाकटा मुलगा कौरिरी, जो गावाच्या दुसऱ्या वाडीत बायकोच्या घरी राहायचा, तो आला.

"आई, गावात एकच बाबाई उरलंय, आणि ते आपलं आहे," तो म्हणाला. "ते नेलं तर सगळं गाव बघत राहील."

"ते बाऊरोचं आहे."

"बाऊरो आला तर दुसरं लावू."

"तुझ्या बापानं तुला कधी मारलं नाही," मोआइने म्हणाली. विणकामाची सुई तिने जमिनीत खुपसली. "म्हणून हे बोलायला धजलास. त्या करंडीला कुणी हात लावला तर मी त्याचं पाणी पिणार नाही."

कौरिरी हसला. पण ती हसली नाही, तेव्हा त्याचंही हसू मावळलं. "घालतेस तरी काय त्या झाडाला?" तो जाताना म्हणाला. "आम्हाला पण दे थोडं."

"तुला घातलं तर फुकट जाईल."

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी निरोप आला की मोआइनेची बहीण शेवटचे श्वास घेतेय. तिचं गाव खाडीपलीकडे. म्हातारी होडीत बसली, पण बसण्याआधी तिने मागे वळून माडांकडे पाहिलं. तेरेतियाला म्हणाली, "संध्याकाळची पानं काठावर ठेव. आत उतरू नकोस." होडी दिसेनाशी होईपर्यंत तिचं तोंड किनाऱ्याकडेच होतं.

तासाभरात कौरिरी आला. बरोबर ढकलगाडी होती, पण ती त्याने अंगणातच ठेवली.

"वहिनी, तू काढ."

"मी का?"

"मी काढलं तर ती मला उंबऱ्यात उभं करणार नाही. तुला काय करेल? तुझ्यावाचून तिचं पान हलत नाही." मग त्याने आवाज खाली आणला. "आणि हे कधीतरी संपायला नको? झाड गेलं की ती पण मानेल. तेकाई चांगला माणूस आहे. मला काय दिसत नाही?"

तेरेतिया त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने छपरात खोचलेली पहार काढली.

"दुपारनंतर ये," ती म्हणाली.

ऊन डोक्यावर होतं. खड्ड्यात मात्र सावली आणि गारवा होता, आणि कुजलेल्या पानांचा तो गोडसर, जड वास. वठलेल्या देठांमधून वाट काढत ती कोपऱ्यात पोचली. वारा अजिबात नव्हता. तरी मोठं पान एकदा हललं आणि टोकावरचा थेंब तिच्या मानेवर पडला.

"मला माफ कर," ती म्हणाली. कुणाला म्हणाली हे तिला कळलं नाही.

तिने करंडी उसवली आणि हातांनी थर काढायला सुरुवात केली. वरती ताजी पानं. खाली काळी, एकमेकांना चिकटलेली. मग सोडण, मग पुन्हा पानं, मग मऊ काहीतरी हाताला लागलं. तिने ओढलं. हिरवा शर्ट होता. बाह्या अजून शाबूत, पाठ जाळीसारखी झालेली. त्याच्या खाली पांढऱ्याची कॉलर. त्याच्या खाली निळ्याची बटणं, नुसती बटणं, ओळीने.

तेरेतिया चिखलात बसली आणि तिला हसू फुटलं. एवढे दिवस ती अंगणात एकटी असली की मागे वळून बघायची, पेटीवर पाय देऊन झोपायची, आणि हे म्हातारीचं काम होतं! घरातलं काही फुकट जाऊ द्यायचं नाही. लेकाचे शर्टही नाहीत. हसता हसता तिचे डोळे भरून आले. बिचारी, तिला वाटलं. बिचारी म्हातारी.

आता भीती गेली होती. तिने पहार घेतली आणि गड्ड्याची बाजू मोकळी करायला लागली. गड्डा खोल गेला होता, खूपच खोल. तिने बाजूची माती हातांनी उपसली. ही माती वेगळी होती, काळी, भुसभुशीत, या बेटावर तिने कधी न पाहिलेली. मूठ घट्ट केली की ती मुठीतच राहायची. गड्ड्याची मुळं खाली न जाता आडवी पसरली होती, एका बाजूला, लांबवर, एखाद्या वस्तूला धरून चालल्यासारखी. त्यांच्या मागोमाग तिचा हात गेला आणि बोटांत दोरा अडकला.

माशाच्या गळाचा जाड, पारदर्शक दोरा. तो कुजत नाही. त्यात ओवलेलं छोटं पदक, मातीने भरलेलं. तिने अंगठ्याने पुसलं तशी मदर मेरी दिसली, दोन्ही हात पसरून उभी. दोऱ्याला मागे गाठ होती, दुहेरी, एक टोक जास्त लांब. ही गाठ तेरेतियाने मारली होती, लग्नानंतरच्या पहिल्या ईस्टरला, बाऊरोच्या मानेमागे उभं राहून. जास्तीचं टोक दाताने तोडायला गेली तर तो गुदगुल्यांनी खाली बसला होता. ते पदक त्याने अंघोळीलाही काढलं नाही. समुद्रावर जाताना तर नाहीच.

ते कधीच पेटीत नव्हतं.

तिने हात बाहेर काढला नाही. तिथेच, मुळांच्या खाली, राहू दिला. काही वेळाने तिला आठवलं. शोधायला गेलेल्या होड्या रिकाम्या आल्या त्याच आठवड्यात एका पहाटे मोआइने बाहेरच्या किनाऱ्यावरून आली होती, कमरेपर्यंत ओली. खांद्यावर चटई नव्हती, जाताना मात्र होती. शिंपले मिळाले का, तेरेतियाने विचारलं होतं. नाही, म्हातारी म्हणाली. मग दिवसभर ती खड्डा पूर्वेकडे वाढवत होती. एकटी. कौरिरीने कौतुक केलं होतं, बघा, या वयात काय ताकद आहे. दुःखाने माणूस असं काहीतरी करत राहतो, असं सगळ्यांना वाटलं.

आणि त्या कोपऱ्यातलं, त्याच्या आसपासचंही, चार वर्षांत चुलीवर काही चढलं नव्हतं. शेजारच्या झाडाचा गड्डा एकदा तेरेतियाने उपटला होता तर सासूने तो तिच्या हातातून घेऊन डुकरांनाही न देता समुद्रात फेकला होता. घरातली एकमेव वाया गेलेली वस्तू. निदान तेवढं तिने केलं होतं.

तेरेतियाने पदक होतं तिथे ठेवलं. मुळं त्यावर सारखी केली. काळी माती लोटली, मग बटणं, कॉलर, हिरवा शर्ट घडी करून, मग पानं, जशी निघाली होती त्याच क्रमाने. करंडी पुन्हा गुंफली. वीण वाकडी आली.

कौरिरी ढकलगाडी घेऊन काठावर उभा होता.

"निघालं?"

"सडलंय," ती म्हणाली. "खालून. खारं पाणी गेलंय."

"वरून तर एवढं..."

"नुसतं वरूनच."

तो खाली उतरायला लागला तशी ती त्याच्या वाटेत उभी राहिली. नुसती उभी राहिली. तिच्या कोपरापर्यंत काळी माती होती. कौरिरीने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग झाडाकडे, आणि पाय मागे घेतला.

"तांदूळ नेऊ मग," तो म्हणाला. "सगळेच तांदूळ नेणारेत."

मोआइने संध्याकाळी परतली. बहीण गेली होती. तिने डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं आणि नेहमीसारखी तडक मागे गेली. तीनाला भूक लागली होती, तेरेतिया तिला डब्यातलं मटण आणि भात वाढत होती. म्हातारी लगेच परत आली. चुलीपाशी बसली, जाळाकडे बघत.

"वीण बदललीय," ती म्हणाली.

"हो."

"किती खोल गेलीस?"

"पुरेल एवढी."

तीना खात होती. खाडीच्या बाजूला कुणीतरी सणाचं गाणं बसवत होतं, एकच ओळ पुन्हा पुन्हा. मोआइनेने चुलीतलं लाकूड पुढे सारलं, मग मागे घेतलं.

"सांगितलं असतं तर तू तारावाला गेली असतीस," ती म्हणाली. "पोरीला घेऊन. मग घरात कोण? मी आणि पाचोळा."

तेरेतियाने सासूचं ताट वाढलं आणि तिच्यासमोर ठेवलं. म्हातारीने त्याला हात लावला नाही, पण ते दूरही सारलं नाही.

सकाळी गाव चर्चकडे निघालं तेव्हा तेरेतिया उलट्या बाजूला, बाहेरच्या किनाऱ्यावर गेली. ओहोटी होती. तिथे पोवळ्याचे पांढरे खडे लाटांनी घासून गुळगुळीत झालेले असतात. बेटावर माणूस पुरला की त्याच्यावर हेच खडे पसरतात. तिने घमेलं भरून आणलं, खड्ड्यात उतरली आणि करंडीभोवती गुडघ्यावर बसून ते हाताने सारखे पसरू लागली. घमेलं संपलं की पुन्हा आणलं.

काठावर पावलं वाजली. मोआइने देठांना धरून हळूहळू खाली उतरत होती. तेरेतियाने उठून तिला हात दिला नाही. ती आली आणि खडे बघत उभी राहिली.

"फादरना तू सांगायचंस," तेरेतिया म्हणाली. "मी नाही."

"पानं कोण घालणार मग?"

"तुला होतंय तोवर तू. नंतर मी येत जाईन."

वर पान डोलत होतं. मग म्हातारी कष्टाने खाली बसली, घमेल्यातले ओंजळभर खडे घेतले आणि खड्ड्याच्या भिंतीच्या बाजूला, जिथे तेरेतियाने जेमतेम थोडेसे टाकले होते, तिथे ते एकेक करून ठेवू लागली.

"इकडे जास्त टाक," ती म्हणाली. "डोकं इकडे आहे."